जराशा जास्त

त्या राज्यात सगळी घरटी विहिरीकाठच्या बाभळींना टांगलेली होती आणि कुणाचंही घरटं नुसतं स्वतःचं नव्हतं. नवं घरटं विणायला घेताना निम्म्या काड्या आईच्या घरट्यातून आणि निम्म्या बापाच्या घरट्यातून आणायची रीत होती. कोण कुणाचा ते विणीवरूनच कळे आणि सुगरण पक्षी त्याचा तोरा मिरवत.

दर हंगामात मात्र काही पक्ष्यांना उसवण लागे. चांगलं विणलेलं घर ते स्वतःच्याच चोचीने काडीकाडीने उसवत, न दिसणाऱ्या कुणाशी बोलत आणि शेवटी उघड्या फांदीवर बसून राहत. शेजारी म्हणत, त्यांच्या घराण्यातच आहे ते. एवढं म्हटलं की शेजाऱ्यांचं काम संपे.

त्या वर्षी साळूच्या थोरल्या भावाला, केरूला, उसवण लागली. त्याची वीण बघायला पक्षी पार पलीकडच्या बाभळीवरून येत असत. आता त्याचं निम्मं घरटं विहिरीत तरंगत होतं. साळू राज्याची मोजणीदार. तिने ठरवलं, दोषी काडी हुडकायची आणि तेवढीच उपसून टाकायची. मग उरलेलं घरटं वाचेल आणि दादा पुन्हा दादासारखा बोलेल.

तिने मुंग्या कामाला लावल्या. मुंग्या दमत नाहीत आणि मोजताना डोकंही चालवत नाहीत, त्यामुळे मोजणीला त्यांच्यासारखं कुणी नाही. उसवायला लागलेली तीनशे घरटी आणि धड तीनशे, प्रत्येकातली काडी न् काडी मोजली गेली. एक काडी सापडली तेव्हा साळू आनंदाने ओरडलीच. मग कळलं, उसवलेली बरीचशी घरटी दक्षिणेच्या बाभळीवरची होती आणि ती काडी तिकडे धडधाकट घरट्यांतही सर्रास वापरत. साळूने डोकं फांदीवर आपटून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

हंगाम सरता सरता उत्तर आलं. दोषी काडी अशी नव्हतीच. दोनशे एकोणीस प्रकारच्या काड्या उसवलेल्या घरट्यांत जराशा जास्त होत्या. त्या धड घरट्यांतही होत्या, साळूच्या स्वतःच्या घरट्यात तर ढीगभर.

"एवढा हंगाम मुंग्या पोसल्या त्या 'जराशा' ऐकायला?" राज्याचे म्होरके आबा कडाडले. "काडी वाईट की चांगली, तेवढं सांग."

"एकटी काडी काहीच करत नाही, आबा. बऱ्याच एकत्र आल्या, वरून वाईट वारा लागला, तर कदाचित..."

"कदाचित!" आबांनी मान फिरवली आणि दवंडीच्या पोपटाला बोलावलं.

पोपटाला लांब वाक्यं पाठ होत नसत. त्याने सोयीने शब्द गाळले आणि बाभळीबाभळीवर ओरडत सुटला, "उसवणाऱ्या काड्या दोनशे एकोणीस! आपापल्या घरट्यात बघून घ्या!"

"जराशा जास्त, मेल्या! 'जराशा जास्त' म्हण!" साळू त्याच्यामागे घसा फुटेस्तोवर ओरडत उडाली. तिचं कुणी ऐकलं नाही. रागाने तिला रडूच कोसळलं. अख्खा हंगाम ती काड्या मोजत राहिली होती आणि त्यातली एकसुद्धा तिने भावाला नेऊन दिली नव्हती.

ती तशीच केरूकडे गेली. त्याचं घरटं संपलं होतं. तो उघड्या फांदीवर बसून समोर बघत होता.

"दादा, नाही सापडली रे," ती म्हणाली.

साळूने त्याच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. एकूण एक बाभळीवर चोची चालल्या होत्या. बाप, आया, पंच, खुद्द आबा, सगळे आपापली घरटी काडीकाडीने उसवत होते आणि प्रत्येक काडी उजेडात धरून तिच्याशी पुटपुटत होते. विहिरीचं पाणी काड्यांनी झाकलं होतं.

"साळे," केरूने हळूच विचारलं, "यांना कधीपासून होतंय गं?"

आणि तो फांदीवर थोडा सरकला, शेजारी जागा करून देण्यासाठी.