फळ्यावरचा चार्ज आणि खाडीतला पिंजरा

भौतिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले विद्वांस सर म्हणजे नापास करण्यात वाकबगार! त्यांनी फळ्यावर एक वेडावाकडा बंद आकार काढला, त्याच्या बाहेर विजेचा एक चार्ज दाखवला आणि कोळीवाड्यातल्या हेमांगी तांडेलला विचारलं, "त्या चार्जमुळे या आकारातून एकूण फ्लक्स किती बाहेर पडतो? चुकलीस तर नापास!"

"शून्य, सर."

"आकडेमोड न करताच? हा काय मासळीबाजार आहे?"

हेमांगी हसली. "मासळीचंच सांगते, सर. फ्लक्स म्हणजे वाहतं पाणी समजा. आम्ही खाडीत बांबूचा पिंजरा लावतो. तो कसाही विणा, जेवढं पाणी आत शिरतं तेवढंच पलीकडून निघून जातं. जास्तीचं बाहेर पडायला पिंजऱ्याच्या आतच झरा हवा. तुमचा झरा, म्हणजे चार्ज, तर बाहेर आहे!"

परीक्षेसाठी रांगेत थांबलेल्या मुलींना हसू आवरेना. सर लालबुंद झाले. खडू उचलून त्यांनी तो आकार पार फळ्याच्या कडेपर्यंत वाढवला. "घे, केला मोठा! म्हण ना आता शून्य!"

"आता कसं म्हणू, सर? रागाच्या भरात झरा तुम्हीच पिंजऱ्यात घेतलात!"

सरांनी वळून पाहिलं. चार्ज आकाराच्या आत होता. त्यांनी घाईघाईनं डस्टर शोधलं. ते हेमांगीच्या हातात होतं.