हैबती कुंभाराचा कललेला गोळा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. तेव्हा कडेतळी गावात हैबती नावाचा कुंभार होता.

आमचं गाव काळकड्याच्या पायथ्याला. कडा दक्षिणेला, भिंतीसारखा उभा. पौषात सूर्य त्याच्या आडून वर येत नाही. भर दुपारीही गावावर सावली. म्हातारी माणसं खोकतात, मडकी वाळत नाहीत.

त्या काळी लोक म्हणत, सूर्य रुसला. मग पाळीच्या घराने एक शेरडू कड्याला द्यायचं. कड्याखाली एक खुंट होता. त्याला बांधायचं आणि कापायचं. काही दिवसांनी सूर्य यायचा. मग कोण शंका घेणार?

एका वर्षी पाळी सालूबाईची आली. सालूबाई विधवा. घरात येसू नावाची मुलगी, पाळण्यात तान्हं पोर आणि एकच दुभती शेळी. पोर त्या शेळीच्या दुधावर होतं. येसू शेळीच्या गळ्याला मिठी मारून हैबतीच्या भट्टीपाशी येऊन बसली.

"हैबतीबाबा, सूर्याला सांगा ना, रुसू नको म्हणून."

"सूर्य रुसत नाही," हैबती म्हणाला. "त्याला तेवढा वेळ नाही. ऊठ. पोरं गोळा कर."

पोरं आली. मागोमाग पाटील आणि गुरवही आले. हैबतीने चिखलाचा गोळा केला आणि काठीत खोचला. गोळ्याला ज्वारीचा दाणा चिकटवला. "हे आपलं गाव." दाण्याच्या खालच्या अंगाला चिमूटभर माती उभी केली. "हा कडा. आणि भट्टीचा जाळ म्हणजे सूर्य."

त्याने काठी उत्तरेकडे कलती धरली. "आता जाळाभोवती फीर, येसू. काठी अशीच कलती ठेव."

येसू निघाली. फिरता फिरता तिने काठीही वळवली. कल सारखा जाळाकडेच.

"अगं, मग बारा महिने उन्हाळाच की!" हैबती ओरडला. पोरं हसली. "माझ्या चाकाचा आस झिजून कललाय. चाक फिरतं, कल फिरत नाही. तसं चाल."

येसू पुन्हा निघाली. जाळाच्या एका बाजूला गोळा जाळाकडे झुकला. दाणा लख्ख उजळला. "हा उन्हाळा," हैबती म्हणाला. ती पलीकडे गेली. कल तोच, पण आता गोळा जाळापासून मागे झुकलेला. तिने काठी जागच्या जागी चाकासारखी फिरवून दाणा जाळासमोर आणला. उजेड तिरपा पडला आणि चिमटीच्या कड्याची सावली नेमकी दाण्यावर आली.

"पौष!" येसू म्हणाली.

"जाळ हलला का?"

"नाही."

"रुसला का?"

"नाही. आपणच पलीकडं आलो. अजून चाललं की ऊन येणार."

गुरव म्हणाला, "आजवर शेरडू दिलं, आजवर सूर्य आला."

"आजवर माझं गाढवही पहाटे ओरडलं," हैबती म्हणाला. "म्हणून का उजाडतं?"

पाटील हसला नाही. "हैबती, आणि नाही आला तर?"

"तर माझं चाक फोडा. मला वेशीबाहेर काढा. पण तोवर शेळीला हात लावायचा नाही."

पाटलाने मान डोलावली.

मग हैबतीने चाक उचलून कड्याखाली नेलं, त्या खुंटाशेजारी मांडलं आणि फिरवलं. असं म्हणतात, त्याने ते एकदाच फिरवलं आणि ते थांबलंच नाही. सावलीत ते फिरत राहिलं. शेळी शेजारी बसून रवंथ करत राहिली. लोक येत, बघत, परत जात. सालूबाई रोज भाकरी आणून ठेवी.

आणि एका दुपारी कड्याच्या माथ्यावरून उन्हाची तिरीप उतरली. आधी चाकावर पडली, मग शेळीच्या पाठीवर. असं म्हणतात, चाक तेव्हा आपोआप थांबलं.

पाटलाने स्वतःच्या हाताने खुंट उपटला आणि हैबतीसमोर धरला. "याचं काय करायचं?"

"काठी चांगली होईल," हैबती म्हणाला.

आजही पौषात पाळीचं घर आपली शेळी सजवून कुंभाराच्या भट्टीवर आणतं. गावातलं सगळ्यात लहान चालतं पोर चिखलाचा कलता गोळा घेऊन जाळाभोवती फिरतं. चुकलं तर सगळं गाव ओरडतं, "कल सांभाळ!" फेरी झाली की गोळ्यावरचा दाणा शेळीला चारतात आणि तिला घरी नेतात.

गोळा दरसाल नवा असतो. काठी मात्र त्या खुंटाचीच आहे.