साळुंक्यांना दिलेला नवा धडा

ऐका लहानथोर मंडळी. ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यात एकदा शत्रूने कोठारातल्या धान्यात विष कालवलं. गावंच्या गावं आजारी पडली. काही घरांत तर मागे रडायलाही कुणी उरलं नाही. तेव्हापासून राजाने कोठाराच्या दाराशी साळुंक्या पाळल्या. या पक्ष्यांना विषाचा वास शिकवलेला असे. पोतं उघडून समोर धरलं, की चांगल्या धान्यापुढे त्या गप्प बसत आणि विष असलं तर कर्कश ओरडत. राजाची आज्ञा कडक होती. ज्या पोत्यावर साळुंकी ओरडेल, ते तिथल्या तिथे जाळायचं. कुणाचं काही ऐकायचं नाही.

साळुंक्यांची राखण सटवाजीकडे होती. मोठा कष्टाळू माणूस. शत्रू नवं विष शोधून काढी, राजवैद्य त्याचा नमुना मिळवून पाठवी आणि सटवाजी तो वास पाखरांना शिकवी. त्याच्या पाखरांनी आजवर कधी दगा दिला नव्हता. लोक म्हणत, "सटवाजी आहे म्हणून आपण निवांत जेवतो." हे ऐकलं, की त्याचा ऊर भरून येई.

एका वर्षी पेरणीच्या तोंडावर बातमी आली, की शेजारच्या मुलखात नवंच विष निघालं आहे. राजवैद्याने घाईघाईने नमुना पाठवला. विष कालवलेले मूठभर जोंधळे. सटवाजीने ते साळुंक्यांपुढे धरले, त्यांना ओरडायला शिकवलं आणि दुसऱ्याच दिवशी तपासणीला बसवलं. गावोगावचं बियाणं पाखरांपुढून गेल्याशिवाय शेतात जात नसे.

पहिलं पोतं उघडलं. साळुंक्या ओरडल्या. दुसरं उघडलं. पुन्हा ओरडल्या. पटांगणात आग पेटली. सटवाजीला वाटलं, केवढं मोठं संकट आपण वेळेवर ओळखलं!

मग लिंबाईची पाळी आली. ही नदीकाठच्या गावची म्हातारी, एकटीच शेत कसणारी. तिच्याही पोत्यावर साळुंक्या ओरडल्या. शिपाई पोतं उचलायला लागले, तशी ती आडवी आली.

"अरे बाबा, हे जोंधळे मी स्वतः वेचून ठेवलेत. यात कसलं आलंय विष?"

"मावशी, बाजूला व्हा," सटवाजी म्हणाला. "पाखरं खोटं बोलत नाहीत."

"मग मी खोटं बोलते?" लिंबाईने पोत्यात हात घातला, मूठभर जोंधळे तोंडात टाकले आणि त्याच्या डोळ्यांत बघत चावून चावून गिळले. "बघ. मेले तर जाळ. नाही मेले तर माझं बी मला दे."

शिपाई थबकले. सटवाजी क्षणभर घुटमळला. पण साळुंक्या अजून ओरडतच होत्या.

"काही विषं हळूहळू चढतात, मावशी," तो म्हणाला आणि त्याने मान वळवली. पोतं आगीत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाई पटांगणात येऊन बसली. नुसती बसून राहिली, धडधाकट. इकडे नवी पोती येत होती, उघडत होती, जळत होती. सटवाजीचं लक्ष कामात लागेना. शेवटी त्याने हात वर करून काम थांबवलं आणि तो घरी गेला.

घरच्या कणगीतून त्याने ओंजळभर जोंधळे काढले. गेल्या सुगीत याच साळुंक्यांनी निर्दोष ठरवलेले. त्यांचीच भाकरी तो रोज खात होता. ते त्याने पाखरांपुढे धरले.

साळुंक्या ओरडल्या.

त्याने दाणे निरखून पाहिले. त्या जोंधळ्यांत कडुनिंबाचा वाळका पाला मिसळलेला होता, कीड लागू नये म्हणून. त्याने पाला वेचून बाजूला काढला, दाणे पाण्यात धुतले आणि पुन्हा धरले. पाखरं गप्प. नुसता पाला धरला. पाखरं ओरडली.

वैद्याने पाठवलेला नमुनाही पाल्यात ठेवलेला होता. साळुंक्या विषाबरोबर कडुनिंबही शिकल्या होत्या. आणि त्या राज्यात बियाण्यात पाला घालत नाही असं एक घर नव्हतं.

सटवाजी पटांगणात धावला. पाण्याच्या घागरी आगीवर ओतल्या, हातांनी पोती ओढली. हात भाजले. थोडंफार वाचलं, बाकीची राख झाली होती.

तो राजापुढे उभा राहिला आणि काहीही न लपवता सगळं सांगून मोकळा झाला. "मला हवी ती शिक्षा द्या, महाराज."

राजा म्हणाला, "शिक्षा कुणाकुणाला देऊ? वैद्याने घाई केली. तू पारख केली नाहीस. आणि कुणाचं ऐकू नका, असं सांगणारा मी."

त्या दिवसापासून नियम बदलला. पाखरांना नवा वास शिकवला, की आधी गावोगावचं चांगलं धान्य त्यांच्यापुढे धरायचं. त्यावर ती ओरडली, तर चूक शिकवणीत आहे असं समजायचं. आणि संशयाचं पोतं जाळायचं नाही, बाजूला ठेवून नीट तपासायचं.

पण त्या वर्षीची पेरणी गेली ती गेलीच. कितीतरी शेतं पडीक राहिली. शत्रूला जे जमलं नव्हतं ते पहारेकऱ्यांच्या हातून झालं. लोकांनी कंदमुळं खाऊन दिवस काढले, आणि काही म्हातारीकोतारी माणसं त्यातून उठलीच नाहीत.

सटवाजी आपल्या घरचं बियाणं घेऊन लिंबाईच्या शेतावर गेला. तिने ते पदरात घेतलं.

"मी तुझ्यासमोर खाल्लं होतं रे," ती शांतपणे म्हणाली. "तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. पाखरांकडे बघत राहिलास."

त्याने तिचं औत धरलं आणि तिच्या शेतात नांगराचं पहिलं तास ओढलं.

तात्पर्य : वाइटाची ओळख पटवणाऱ्याने आधी चांगल्यावर आपली पारख तपासून पाहावी, नाहीतर रक्षणासाठी उचललेला हातच घात करतो.