गुंजभर

एक होता राजा. पण त्याला जरा बाहेर ओट्यावर बसू दे. आजची गोष्ट राजाची नाही, एका वैदीणबाईची आहे. राजा येईल आपला मागाहून, जेवायच्या वेळेला. आणि तू पाय आत घे पांघरुणात, मगच सांगते.

तर करंजखोप म्हणून एक गाव होतं. तिथं आवडाबाई राहायची. हातगुण असा, की पोट धरून आलेलं माणूस तिच्या उंबऱ्यातच हसायला लागायचं. तिच्याकडे एक खलबत्ता होता आणि एक एवढीशी तागडी. तागडीत वजनाला काय, तर गुंजा. लाल लाल बी असतं बघा, काळ्या टोपीचं, कुंपणाच्या वेलीवर येतं. दिसायला गोजिरं, आत जहर. तोंडात घालायचं नाही हं, सांगून ठेवते. पण वजनाला सगळ्या गुंजा सारख्या, म्हणून सोनार त्यांनी सोनं तोलायचा आणि आवडाबाई औषध तोलायची. एका गुंजेच्या वजनाइतकं औषध म्हणजे गुंजभर. करंजखोपात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

एकदा काय झालं, दाजीबा माळ्याला खोकला झाला. दाजीबा भला माणूस, आवडाबाईच्या बरोबरीचा. लहानपणी दोघांनी एकाच बांधावरची बोरं खाल्लेली. आवडाबाईनं पूड केली आणि त्याच्या घरी गेली. दाजीबाचा आत डोळा लागला होता, जागी एकटी सून होती, सारजा. घाटाखालून आलेली, दोन वर्षं झाली होती लग्नाला, कडेवर सहा महिन्यांची बकुळी. तेवढ्यात बाहेरून हाक आली, की पाटलाची लेक अडलीय, लवकर चला. आवडाबाईचा एक पाय उंबऱ्याबाहेर. ती म्हणाली, "ही पूड. गुंजभर मधातून चाटव." आणि गेली तरातरा.

आता सारजाच्या माहेरी औषध मोजत ते चिमटीनं. गुंज म्हणजे वेलीवरचं बी, एवढंच तिला माहीत. ती आपली समजली, गुंज भर. पुडीत गुंज भर आणि मधातून चाटव. विचारावं असं तिच्या मनात आलं बरं का. पण त्या घरात तिनं "कित्याक?" म्हटलं, की सगळे पोट धरधरून हसायचे. आपण कशाला म्हणतो ना, तिच्या बोलीत त्याला कित्याक म्हणतात. नवरा कोंडिबा तर चारचौघांत तिची नक्कल करायचा. मग तिनं विचारणंच सोडून दिलं होतं. ती गेली कुंपणाशी, एक गुंज तोडली, पाट्यावर वाटली, पुडीत कालवली आणि सासऱ्याला मोठ्या मायेनं चाटवली. म्हाताऱ्या जिवाला ती सोसली नाही. दुसऱ्या दिवशी दाजीबा गेला.

मग रडारड झाली. मग कुणालातरी पाट्यावर लाल टरफल दिसलं, आणि रडण्याचा आरडाओरडा झाला. सुनेनं सासऱ्याला विष घातलं म्हणाले. पंच बसले. सारजानं सांगितलं, आवडामावशी बोलल्या तसं मी केलं. मग पंच आवडाबाईकडे वळले. तू काय सांगितलं होतंस, बाई?

आवडाबाईला तो उंबरा आठवला, आपली घाई आठवली. पोर परमुलखातली, तिला दोन शब्द उलगडून सांगायला असा काय वेळ लागला असता? पण चाळीस वर्षांचं नाव होतं गावात. ते घालवायचं तिच्या जिवावर आलं. ती म्हणाली, "मी गुंजभर सांगितलं होतं."

खोटं बोलली का? नाही. पण पुरतं खरंही नाही बोलली. पंच म्हणाले, झालं तर मग, गुंजभर म्हणजे काय ते इथं कुत्र्यामांजरालाही कळतं, हिलाच बरं कळलं नाही. त्या मुलखात कायदा होता एकच. ज्याच्या हातून जीव गेला, त्यानं सात डोंगरांपलीकडे जायचं, आणि तिथून परत आलेलं कुणी नव्हतं. पण धाडायचं तर राजानं. राजा दाजीबाच्या दहाव्यालाच गावात येणार होता. तोवर सारजाला कोठीच्या खोलीत ठेवलं. बकुळी अजून अंगावर पीत होती, तिला तेवढ्यापुरतं आत नेत आणि बाहेर आणत. दहाव्यानंतर ते पोर आईविना राहणार होतं.

आवडाबाई घरी आली. एकाला तापाचं औषध द्यायचं होतं. तिनं तागडी उचलली, एका पारड्यात गुंज टाकली, दुसऱ्यात औषध. गुंजेचं पारडं खाली ते खालीच. तिनं आणखी औषध घातलं. हलेना. मग बत्ता ठेवला. हलेना. मग अख्खा खल ठेवला. तरी गुंज जड ती जडच. वाकून बघते तर काय, गुंजेला टेकून दाजीबा बसलेला! अंगठ्याएवढा. डोक्याला मुंडासं, गुडघे पोटाशी, आणि खोकत होता.

"आवडे," तो म्हणाला, "मी कशानं मेलो गं?"

ती म्हणाली, वय झालं होतं रे तुझं. दाजीबानं मान हलवली आणि दिसेनासा झाला. पारडं मात्र आणखी वाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हा पुन्हा हजर, आणि पुन्हा तेच विचारतोय. ती म्हणाली, सुनेची चूक झाली. तो गेला. पारडं पार जमिनीला टेकलं. तिसऱ्या दिवशी तिनं तागडीवर टोपलीच पालथी घातली, तर टोपलीखालून खोकल्याचा आवाज. मग मात्र ती चिडली. तुला कळून करायचंय काय, सुनेचा सूड घ्यायचाय का, असं तिनं फडाफडा विचारलं.

"सूड मी ठेवू कुठं, आवडे? मला ना घर ना खिसा," दाजीबा म्हणाला. "मला फक्त पुढं जायचंय. तिथं दारात विचारतात, कशानं आलास. तू म्हणालीस वय झालं, मी तसं सांगितलं. दारवान हसला आणि म्हणाला, जा परत. मग सुनेची चूक म्हणून सांगितलं. तो म्हणाला, अर्धंच आहे, जा परत. या वयात किती खेपा घालू?"

आवडाबाई टोपलीशी बसून राहिली. लोक औषधाला येत आणि तसेच माघारी जात, कारण तोलायचं कशानं? पाण्याला जाताना कोठीवरून वाट होती. आत बकुळीला थोपटत सारजा काहीतरी गुणगुणायची. ते कानावर आलं की आवडाबाईचे पाय भराभर उचलायचे. असे दिवस गेले आणि दहावा उजाडला.

एरवी बायका नदीवर दहाव्याला जात नाहीत, पण त्या दिवशी राजा न्याय करणार म्हणून सगळं गाव लोटलं. आला बाबा राजा एकदाचा. लठ्ठ होता, छत्रीखाली बसला, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं त्याच्या. पिंड मांडला दगडावर. आता कावळ्यानं पिंडाला शिवायचं असतं. शिवला म्हणजे गेलेलं माणूस समाधानानं पुढं गेलं. नाही शिवला तर त्याचा जीव कशाततरी अडकलाय. आणि कावळा शिवेपर्यंत कुणी जेवायचं नाही, मग तो राजा का असेना.

उंबराच्या झाडावर पाच-पंचवीस कावळे बसले होते. एक हलायला तयार नाही. मग कोंडिबा हात जोडून म्हणाला, बा, तुझा मळा मी पडीक टाकणार नाही. कावळा नाही आला. मग त्याची आई म्हणाली, मी बकुळीला तळहाताच्या फोडाप्रमाणे जपीन. कावळा नाही आला. मग पंच पुढं झाले आणि मोठ्यानं म्हणाले, दाजीबा, तुला मारणारीला आज शिक्षा होणार, खात्री बाळग. तर मधल्या कावळ्यानं सरळ पाठ फिरवली. राजाच्या पोटात गुडगुडलं ते शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

सारजा बकुळीला घेऊन एका बाजूला उभी होती. ती सासूला हळू आवाजात सांगत होती, की हिला डाव्या कुशीवर निजवा, उजव्या कुशीवर ही झोपत नाही. आणि दूध फार गरम लागतं तिला, फुंकर घालून द्या. एवढंच सांगत होती, रडतही नव्हती. ते ऐकलं आणि आवडाबाईच्या काळजाचं पाणी झालं. नाव गेलं तर जाऊ दे, ती मनात म्हणाली, आणि लोकांतून वाट काढत पिंडापाशी गेली. दाजीबा तिथंच दगडावर बसला होता. तिला एकटीला दिसत होता.

"दाजीबा, ऐक," ती म्हणाली. "तू माझ्या घाईनं मेलास. ही पोर घाटाखालची, हिला गुंजभर ठाऊक नसणार, एवढं मला कळायला हवं होतं. मी उंबऱ्यातून शब्द फेकला आणि गेले. मग पंचांपुढं गप्प राहिले, कारण मला माझं नाव प्यारं होतं." आणि मग ती जी रडली, दहा दिवसांचं सगळं रडली.

मधला कावळा एक फांदी खाली उतरला. राजा म्हणाला, अस्सं, म्हणजे गुन्हेगार ही आहे, धाडा हिला सात डोंगरांपलीकडे आणि पानं वाढा. कावळा परत वर जाऊन बसला.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग सारजा पुढं आली. पंचांपुढचं ते एक वाक्य सोडलं, तर दोन वर्षांत ती चारचौघांत बोलली नव्हती. "माका कळूक नाय," ती म्हणाली, "आणि मी इचारूक नाय." म्हणजे मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. त्या दिवशी तिच्या बोलण्याला कुणी हसलं नाही. कावळा एक फांदी खाली आला.

कोंडिबा मान खाली घालून उभा होता. तो म्हणाला, ती विचारायची, मी हसायचो, म्हणून ती विचारायची थांबली. त्याची आई म्हणाली, मीसुद्धा हसायचे. कावळा उतरला दगडावर, मान तिरकी करून सगळ्यांकडे बघून घेतलं, पिंडाचं शीत उचललं आणि उडाला. दाजीबा उठला. आवडाबाईला म्हणाला, केवढं लांबलचक आहे गं हे, दारवानाला सगळं सांगेपर्यंत संध्याकाळ होईल. खोकला थांबला होता त्याचा. मुंडासं नीट केलं आणि गेला.

आता राजाची पंचाईत झाली. कायदा एकाला धाडायचा, आणि इथं चार जण उभे. त्यात आवडाबाई त्याचे पाय सोडेना. मला शिक्षा करा महाराज, म्हणाली, तशीच मी घरी जाऊ कशी? भुकेल्या माणसाला सहसा अक्कल सुचत नाही, पण त्या राजाला सुचली.

तो म्हणाला, "तुला डोंगरापलीकडे धाडून दाजीबा परत यायचा नाही, आणि गाव मात्र औषधावाचून मरेल. तुझी शिक्षा ही, की तुझी सगळी विद्या सारजाला द्यायची. ती कित्याक म्हणेल तितक्यांदा सांगायचं, आणि तिला पुरतं कळल्याशिवाय उठायचं नाही."

आणि जो तिला हसेल त्याला मात्र मी खरंच डोंगरापलीकडे धाडीन, असं म्हणून तो जेवायला बसला. पाच वाट्या खीर खाल्ली, असं लोक सांगतात.

मग सारजा रोज बकुळीला घेऊन आवडाबाईकडे जायला लागली. किती म्हणून विचारायची! पानाला कित्याक, मुळीला कित्याक, सकाळीच कित्याक, उपाशीपोटी कित्याक. आवडाबाईला घाम फुटायचा, पण उठायची नाही. कितीतरी गोष्टी तिला स्वतःलाच ठाऊक नव्हत्या, त्या तेव्हा कळल्या. तागडी सरळ झाली होती. दाजीबा तिच्या मनातून गेला का? नाही गं, असं माणूस मनातून कसं जाईल. पण त्याची आठवण आली की ती आता तोंड लपवायची नाही, बकुळीला त्याच्या लहानपणीच्या गमती सांगायची.

अशी तीन वर्षं गेली. सारजा तयार झाली, पण तिच्या हातचं औषध घ्यायला कुणी येईना. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं, पण पोटात भीती होतीच. मग थंडीत सासूला ताप भरला. आवडाबाई म्हणाली, मी देते औषध. कोंडिबा म्हणाला, हो, तुम्हीच द्या. सगळी आळी दारात जमली होती. सारजा आपली कोपऱ्यात उभी, नजर जमिनीकडे.

सासू उठून बसली. तिनं आवडाबाईचा हात बाजूला केला आणि म्हणाली, "माझी सून वैदीण आहे. मी तिच्याच हातचं घेणार."

सारजानं तोललं, मधात कालवलं. सासूनं तिचा हात धरला, आ केला, आणि बोट न् बोट चाटून पुसून औषध घेतलं. दारातली माणसं बघत राहिली. चौथ्या दिवशी ती खडखडीत बरी होऊन भाकरी थापायला बसली, आणि पाचव्या दिवशी सारजाच्या ओट्यावर औषधाला रांग लागली.

मग ती माणसं पुष्कळ वर्षं सुखानं नांदली, आणि राजा दर वर्षी खीर खायला येत राहिला. झाली गोष्ट. आता डोळे मिटा, आणि कुणाला काही विचारायचं राहिलं असेल तर मला हलवून उठवा, मी रागावणार नाही.