हलिमाबायची पिलिपिली

गलबतं वाऱ्याच्या भरवशावर चालायची, त्या काळची ही गोष्ट. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं धरून आणणारं एक गलबत कोंडसरच्या खाडीच्या तोंडाशी खडकावर फुटलं. एकच बाई जिवंत किनाऱ्याला लागली. तिचं नाव हलिमा. केसांच्या गाठीत तिनं मिरचीचं बी लपवलं होतं. तिची लेक सिती मात्र वाटेतल्याच कुठल्याशा बंदरात विकली गेली होती.

खारव्यांनी तिला खोपटं बांधून दिलं. दारात तिनं बी टाकलं. बोटाच्या पेराएवढी, आभाळाकडं तोंड करून वाढणारी मिरची आली. जिभेला लागली की कानशिलं तापायची.

"काय म्हणतात गं हिला?" बायकांनी विचारलं.

"पिलिपिली," हलिमा म्हणाली आणि रडायला लागली. तिकडं आपल्या गावी मायलेकी मिरचीच्या झुडपांआड लपून एकमेकींना हाच शब्द पुकारायच्या.

पुढं हिराजी तांडेल होडी घेऊन निघाला, तेव्हा तिनं त्याची ओंजळ बियांनी भरली. "जिथं उतराल तिथं द्या, दादा. नावही सांगा. माझी सिती ऐकेल, विचारेल, हे कुणी आणलं?"

ते बी खडकावर पडलं तरी रुजायचं, असं म्हणतात. होडी पोचली नाही तिथं पाखरांनी नेलं. काही वर्षांत सगळ्या किनाऱ्यावर ती मिरची झाली.

हिराजी परतला तो मान खाली घालून. "बाय, खालच्या बंदरात तिला लवंगी म्हणतात. घाटावर चिमणमिरची. वरच्या अंगाला उलटी मिरची."

"आणि पिलिपिली?"

"कुणाच्या तोंडी राहिलं नाही गं."

हलिमा उठली, कमरभर पाण्यात जाऊन उभी राहिली आणि समुद्राकडं तोंड करून तिनं हाक मारली, "पिलिपिलीऽऽ!" मग रोज ओहोटीला तिची हाक ऐकू यायची. केस पिकले, आवाज चिरकला, तरी ती जायचीच. एके दिवशी हाक आली नाही. त्या दिवशी गावातली कच्ची मिरचीसुद्धा एकाएकी लाल झाली, असं म्हणतात.

आजही कोंडसरात मिरचीचा पहिला तोडा कुणी घरात नेत नाही. बायका ओहोटीच्या पाण्यात उतरतात, तो समुद्राला वाहतात आणि सगळ्या मिळून हाक मारतात, "पिलिपिलीऽऽ!" मग घटकाभर कुणी बोलत नाही. पोरं रडली तर त्यांना पदराखाली घेतात. पलीकडून कुणी ओ दिली, तर ती ऐकू यायला हवी.