धुंडिराज पंडितांचं मत

“ग्रंथात गाव नाही, तर साकव नाही!” राजा धैर्यसेनाने निकाल दिला.

समोर उंबरखोलच्या शेतकऱ्याची मुलगी बयजा उभी होती. ती म्हणाली, “महाराज, पावसाळ्यात ओढा भरला की आमचं गाव तुटतं. गेल्या श्रावणात वहिनी अडली, तेव्हा सुईण पलीकडच्या काठावरून ओरडून सांगत होती. बाळ-बाळंतीण वाचली. सुईणीचा बसलेला आवाज अजून परत आलेला नाही.”

“वाईट झालं,” राजा म्हणाला. “पण राज्याच्या भूगोलग्रंथात उंबरखोल नाही. नसलेल्या गावासाठी ओढ्यावर साकव कसा बांधू?”

बयजा तो ग्रंथ लिहिणाऱ्या मुख्य पंडितांकडे, विश्वंभरशास्त्र्यांकडे वळली. “शास्त्रीबुवा, आमच्याकडे का नाही आलात?”

“मुली, आधी दुसऱ्याचं मत मांडायचं, मग ते खोडायचं, ही शास्त्राची रीत. तुझ्या गावावर कुणी लिहिलेलंच नाही. खोडू काय?”

“मग जाता कुठे?”

“नंदपूरला. आम्ही सगळे तिथेच जातो. खोडायला भरपूर आहे.”

“धर्मशाळेत श्रीखंडही बरं असतं,” मागून एक पंडित म्हणाले.

राजा हट्टाला पेटला. “मी यांना हुकूम करणार नाही! हे आपणहून उंबरखोलला गेले, गावावर लिहिलं, तरच साकव. पावसाआधी जमव, नाहीतर पुन्हा हा विषय काढायचा नाही!”

बयजाने मान डोलावली. “बरं. जाता जाता एक विचारू, शास्त्रीबुवा? धुंडिराज पंडितांचं उंबरखोलबद्दलचं मत तुम्हाला पटतं का हो?”

कोण धुंडिराज, हे विचारायची कुणाचीच तयारी नव्हती.

“साफ चूक आहे!” विश्वंभरशास्त्री म्हणाले.

“सुरुवात ठीक आहे, पुढे घसरलेत,” दुसरे म्हणाले.

“भाषा बरी आहे,” तिसरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सगळे पंडित उंबरखोलच्या वाटेला लागले. ओढ्याच्या गुडघाभर पाण्यातही विश्वंभरशास्त्र्यांची पगडी वाहून गेली, तरी ते थांबले नाहीत. मृग लागायच्या आत दरबारात ग्रंथांची चळत उभी राहिली. सगळ्यांत वरचा होता ‘धुंडिराजमतखंडन’.

राजाने बयजाला बोलावून घेतलं. “गाव आहे म्हणायचं! आता धुंडिराजांचा मूळ ग्रंथ आणा.”

तो एकाही पंडिताकडे नव्हता. राजा बयजाकडे वळला.

“बयजा, कुठे असतात हे धुंडिराज?”

“कुठेच नाही, महाराज. असे कुणी पंडितच नाहीत.”

“काय! भर दरबारात थाप?”

“मी नुसतं विचारलं, महाराज. उत्तरं यांनी दिली. आमचं गाव ग्रंथात नव्हतं, पण होतं. धुंडिराज सगळ्या ग्रंथांत आहेत, पण नाहीत! आता साकव कुणासाठी बांधायचा, ते सरकारांनीच ठरवावं!”

राजा पोट धरधरून हसला. साकव दगडी बांधायचा हुकूम सुटला. त्या वर्षीची मानाची शाल राजाने धुंडिराज पंडितांना जाहीर केली आणि ते हजर नसल्यामुळे ती बयजाने स्वीकारली!