उतारावरचा नांगर

पूर्वी कलिंग देशात महाबल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगरवासी कुळात जन्मले आणि वेळुक नावाने वस्तीचे म्होरके झाले. त्याच काळी नदीकाठी धनक नावाचा कुणबी राहत होता. पुरात त्याचं घर गेलं, तेव्हा बायको उत्पला, दोन लेकी आणि बैलजोडी घेऊन तो डोंगर चढून आला. वेळुकाने त्याला आपल्या शेताच्या वरचा उतार कसायला दिला.

"पण नांगर घालू नकोस, बाबा," वेळुक म्हणाला. "आमच्यात जमिनीला बाळंतीण मानतात. काठीने टोकून बी घालायचं. तीन पिकं झाली की तिला काही वर्षं पडून राहू द्यायचं."

धनकाला हसू आलं. त्याच्या नदीकाठी पूर दरसाल नवा गाळ टाकी. जमीन जितकी उकराल तितकी देते, असं तिथली माणसं म्हणत. "काठीने दात कोरावेत, वेळुकदादा," तो म्हणाला, "शेत नव्हे."

घरी उत्पला म्हणाली, "अहो, डोंगर त्यांचा. त्यांचं ऐकावं."

"त्यांना नांगर येत नाही, म्हणून ही रीत," धनक म्हणाला, आणि त्याने उतारावर वरून खाली उभी तासं काढली.

पहिल्या साली पीक घरात मावेना. दुसऱ्या साली त्याने वरची झाडं तोडून तिथेही नांगर घातला. वेळुक दोनदा सांगून गेला. तिसऱ्या श्रावणात सात दिवस झड लागली. आठव्या दिवशी धनक पाहतो तो काय, उतारावर नुसता खडक. सगळी माती खाली वेळुकाच्या शेतात जाऊन बसली होती, उभी नाचणी गाडून.

वस्ती म्हणाली, हाकला यांना. धनक बैल सोडू लागला. वेळुकाने त्याचा हात धरला.

"मीही चुकलो रे. रीत सांगितली, कारण सांगितलं नाही. मला तरी कुठे कुणी सांगितलं होतं? आता खाली तुझ्या नदीकाठासारखा गाळ पडलाय. यातलं मला कळत नाही. तू नांगर, मला शिकव. पीक दोघांचं."

त्या गाळात भात पिकला. उतारावर मात्र दोघांनी जन्मभर पाटीपाटीने माती वाहिली, तरी चार हातच जागा हिरवी झाली. बाकीचा खडक बघत दोघे म्हातारे झाले.

ही कथा भिक्षूंना सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा धनक म्हणजे परमुलखातून आलेल्यांच्या चालीरीतींना हसणारा हा समोरचा भिक्षू. उत्पला म्हणजे त्याला समजावणारी त्याची बहीण. वेळुक मीच होतो." वेळुकाची ही क्षमा म्हणजे क्षांतिपारमिता, सहनशीलतेची पूर्णता. तिच्याच पुण्याने धनकाच्या लेकी त्या वस्तीत सुना होऊन नांदल्या, आणि त्यांच्या घरची कणगी कधी रिती झाली नाही.